माशीच्या डोळ्यावर

२ मे

संपादकांचा होकार आला. उन्हाळी रानफुलं आणि त्यांवर येणारे किडे, खिशात मावेल एवढं पुस्तक, आणि फोटो सगळे माझे. फोन कानाला लावून मी उभी होते आणि समोर भात उतू जात होता, पण गॅस बारीक करायचंही सुचलं नाही. "फूल एकटं नको, त्यावर कुणीतरी हवं," ते म्हणाले. "आणि किड्याचा डोळा स्वच्छ पाहिजे. पंख हलला तर चालवून घेऊ, डोळा नाही." पंधरा जूनपर्यंतची मुदत. त्यानंतर पाऊस लागतो आणि उन्हाळी फुलं संपतात, हे त्यांनाही माहीत आहे.

घरात सांगितलं. "छान," हे म्हणाले, पेपर खाली न घेता. सासूबाईंनी विचारलं, मग सकाळचं माझं औषध कोण देणार. धाकटी जाऊ तेवढी डाव हातात घेऊन किंचाळली, "ताई! म्हणजे पुस्तकावर तुमचं नाव?" तिची मुलगी भिंगरी, वय वर्षं चार, लगेच नाव कुठाय, नाव कुठाय करत माझी पिशवी उपसायला लागली.

पन्नाशी उलटल्यावर कुणी पहिल्यांदा काहीतरी मागितलं. आनंदाने रडू येतं म्हणतात, मला भीतीने आलं.

६ मे

दिवसाचा हिशेब असा: न्हाणीघर एक, माणसं सहा. डबे, सासूबाईंची अंघोळ, मग दहा ते दोन औषधाचं दुकान, मग पुन्हा घर. मधे सकाळचा तासभर माझा. तेवढ्यात गोदामांच्या मागे जाऊन यायचं. भिंत आणि गटार यांच्यामधली ती पट्टी कुणाच्याच कामाची नाही, म्हणून तिथे सगळं उगवतं. सराट्याची पिवळी फुलं जमिनीलगत. घोळ ऊन चढल्याशिवाय उघडत नाही. एकदांडी तर कुठेही.

आज निळ्या पट्ट्यांच्या माश्या सापडल्या, मधमाश्यांच्या जातीतल्या. यांच्यातले नर झोपायला घरी जात नाहीत. संध्याकाळी एखाद्या वाळक्या काडीला जबड्याने धरतात आणि तसेच लटकून रात्र काढतात, एकाखाली एक. ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. मी गुडघ्यांवर बसले, श्वास धरला. डावा डोळा माझा लहानपणापासून नावापुरता, सगळं काम उजव्याचं. पण तो कधी दगा देत नाही. फोकस हाताने केला. डोळा हिरवा, आतले गडद ठिपकेसुद्धा दिसत होते.

हा एक पुस्तकात जाईल, संपादकांना लगेच पाठवून दिला. बाकीचे कसे जमणार कुणास ठाऊक.

१० मे

दुकानातून आले तर कॅमेऱ्याची पिशवी पलंगावरून खाली. जवळून फोटो काढायची लेन्स बाहेर, झाकण पलंगाखाली. भिंगरी शेजारीच बसून बाहुलीला लेन्सचं कापड पांघरत होती.

"पडली का ही?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

धाकटी पदराला हात पुसत आली. "पिशवी मी खाली ठेवली, ताई. चादर बदलायची होती. हिने उघडली असेल, पण पडलंबिडलं काही नाही. मी इथेच होते."

बरं म्हटलं. काच हलवून पाहिली, आवाज नाही.

१३ मे

फोटो मधोमध धूसर येताहेत. कडेची पानं स्वच्छ, गवताची टोकं स्वच्छ, आणि माशीच्या डोळ्यावर बोट फिरवल्यासारखं. मोठं करून पाहिलं तर आणखी वाईट. परवाचे, कालचे, आजचे, सगळे तसेच.

लेन्सच्या आतली काच सरकली आहे. दुसरं काय असणार.

१४ मे

हाताने फोकस करणं सोडलं, कॅमेऱ्यावर सोपवलं. तो पिप् करून सांगतो की जमलं. घरी येऊन बघते तर जमलेलं नाही. यंत्रसुद्धा खोटं बोलायला लागलं.

रोज संध्याकाळी वाईट फोटो पुसून टाकायची सवय आहे माझी. कार्ड एकच आहे, आणि कचरा साठवला की चांगलं त्यात हरवतं. आज पुसता पुसता एकही उरला नाही.

१७ मे

बोलायचं नव्हतं, बोलले. जेवताना. म्हटलं, पडली असेल तर पडली म्हणा, मी काही फाशी देत नाही, पण मला दुरुस्तीला तरी नीट सांगता येईल.

धाकटीचा घास हातातच राहिला. "ताई, पडली असती तर मीच सांगितलं असतं. तुमची काचेची बरणी फुटली तेव्हा तुम्ही घरात यायच्या आत सांगितलं होतं ना?"

"बरणी वेगळी."

"का? बरणीला खरं बोलायचं आणि लेन्सला खोटं?"

भाऊजी ताटाकडे बघत बसले. सासूबाई म्हणाल्या, मेल्या माश्यांपायी घरात भांडणं. हे म्हणाले, "नवीन घेऊ की," आणि भात वाढून घेतला. नवीन ऐन हंगामात लगेच मिळत नाही, हे यांना कोण सांगणार.

आणि एक. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज वाकलेत. मधला तर पोटातून बाहेर आलाय. भिंगरी लोंबकळते त्यांना, मी स्वतः पाहिलंय. यांना दाखवले तर म्हणतात, "कुठे वाकलेत?" वर न बघणाऱ्या माणसाला सगळं सरळच दिसतं.

२० मे

दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने लेन्स उलटीपालटी केली, भिंतीवरच्या छापील पानाचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. "ठणठणीत आहे, बाई. अक्षर न् अक्षर बघा."

मी बघितलं. मधल्या अक्षरांचा चिखल झालेला.

"हे तुम्हाला स्वच्छ वाटतं?"

त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चष्मा घरी राहिला का?"

चष्मा नाकावर होता. मी लेन्स उचलली आणि आले. काम करायचं नसलं की गिऱ्हाइकाला वेडं ठरवतात.

२२ मे

दुकानात एकाला भलतंच पाकीट दिलं. मालकांनी वरच्यावर पकडलं म्हणून बरं, नाहीतर रक्तदाबाच्या जागी साखरेची गोळी गेली असती. या कंपन्या नावं दिवसेंदिवस बारीक छापायला लागल्यात, त्यावर कुणी बोलत नाही.

मालक म्हणाले, चष्मा बदला. शेजारीच दुकान आहे, तिथे गेले. तिथल्या पोरीने काचांमागून काचा लावल्या आणि शेवटी म्हणाली, "नंबरने फरक पडत नाहीये, मावशी. डॉक्टरांना डोळा दाखवा, उशीर नका करू." मी म्हटलं, पंधरा जूननंतर. आता सकाळचा एक तासही मला परवडत नाही.

२५ मे

हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी त्याच काडीवर माश्या होत्या. ऊन यायच्या आत पोचले. कॅमेरा पिप् म्हणाला, मी दाबत गेले. घरी येऊन ओट्याशी उभी राहून बघत होते, तर धाकटी मागून डोकावली. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. पण तिला राहवलं नाही.

"अगबाई! त्याच्या डोळ्यांवरचे केस दिसताहेत, ताई. चांगला आहे की हा!"

मी तिच्याकडे पाहिलं. मनात आलं, आता ही लेन्स चांगली आहे असं सिद्ध करायला निघाली. म्हणजे हिची मुलगी सुटली.

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हटलं.

"केस कळतात," ती म्हणाली. "डोक्यावर आहेत म्हणून."

एरवी मी हसले असते. मी तिच्यासमोर तो फोटो पुसला. मग त्यानंतरचा. मग त्यानंतरचा. ती बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "मी खोटं बोलते असं वाटतंय ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

२९ मे

भाऊजींच्या कंपनीच्या वसाहतीत खोली मिळत होती, ती ते वर्षभर टाळत होते. आता घेतली. सासूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

यांनी मला एवढंच विचारलं, "लेन्सवरून?"

मी म्हटलं, त्यांना जायचंच होतं, निमित्त हवं होतं. हे पेपरमागे गेले. पेपर बराच वेळ उलटला नाही.

२ जून

गेले. टेम्पोत सामान फारसं नव्हतंच. भिंगरी मला विचारत होती, काकू, तू पुढे बसणार की मागे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की मी येणार नाही. धाकटी वाकली, नमस्कार केला, "येते, ताई," म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पण काय होतं त्यावर, ते कळलं नाही. डोळे भरले होते बहुतेक माझे. सगळं पाण्यातून दिसत होतं.

न्हाणीघर आता केव्हाही रिकामं असतं.

६ जून

सराटा फुलांवरून काट्यांवर आला. घोळ पिवळी पडली. रोज जाते, रोज काढते, रोज पुसते. मुदत येईल तेव्हा रिकामे हात दाखवायला नकोत, म्हणून त्यातल्या त्यात बरे असे थोडे बाजूला ठेवलेत. ज्यांच्यात निदान पानं आणि काड्या लख्ख आहेत असे.

खरं सांगायचं तर लेन्सचं कारण मलाच आता पुरत नाही. लेन्स बिघडली तरी माणसाचा हात बिघडत नाही. मला वाटतं, ते पहिले बरे फोटो योगायोग होते. मला कधी येतच नव्हतं. पंधरा वर्षं मी नुसती गवतात बसून आले आणि घरातल्यांनी ते चालवून घेतलं.

माश्यासुद्धा आज काडीवर नव्हत्या. निदान मला तरी दिसल्या नाहीत.

९ जून

संपादकांना बाजूला ठेवलेले पाठवले होते. फोन आला. ते सभ्य माणूस आहेत, त्यामुळे जास्त लागलं.

"पानं उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण फोकस सगळा मागच्या पानांवर गेलाय. माशी एकातही स्वच्छ नाही. हे… आधीचे नमुने तुम्हीच काढले होते ना?"

मी हो म्हटलं. पंधरापर्यंत थांबतो म्हणाले, नाहीतर दुसऱ्या एकांशी बोलून ठेवलंय.

फोन ठेवला आणि सासूबाईंना चहा दिला. त्या कप न घेता माझ्याकडे बघत राहिल्या.

"तू हल्ली माझ्या कानाकडे बघून का बोलतेस गं?"

"कुठे?"

"आत्ताही. तोंडाकडे बघून बोल. धाकटीला घालवलीस, आता माझ्याकडे बघवत नाही का?"

मी तोंडाकडे बघितलं. सरळ, मधोमध. तिथे तोंड नव्हतं. केस होते, कान होते, साडीचा काठ होता, आणि मधे राखेसारखं काहीतरी.

"आई, जरा हसा," मी म्हटलं.

"हसतेच आहे की."

यांनी पेपर खाली ठेवला. उठून माझ्यासमोर आले, हात वर केला आणि विचारलं, किती बोटं. मला हात दिसला, मनगटावरचं घड्याळ दिसलं. बोटं दिसली नाहीत.

११ जून

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण आहेत आणि भराभर बोलतात. त्यांनी चौकटी आखलेला एक कागद माझ्यापुढे धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघा म्हणाल्या. ठिपका नव्हता. त्याच्याभोवतीच्या रेघा आत खेचल्या गेल्या होत्या, भोवऱ्यात ओढल्यासारख्या.

"असं वाकडं कधीपासून दिसतंय?"

मी म्हटलं, खिडकीचे गज. हे माझ्या शेजारी होते, त्यांनी खाली मान घातली.

डोळ्याच्या पडद्याच्या ऐन मध्यावर नको त्या रक्तवाहिन्या उगवल्यात आणि गळताहेत. जिथे बघायचं, नेमकं तिथेच. इंजेक्शनं देऊन उरलेलं राखायचा प्रयत्न करतील. गेलेलं येईल अशी आशा धरू नका म्हणाल्या. महिन्यापूर्वी आला असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

रिक्षात हे म्हणाले, "मी बघायला हवं होतं." माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. कॅमेऱ्याचं पिप्.

१२ जून

लेन्स चांगली होती. दुरुस्तीवाला खरं बोलत होता, कॅमेरा खरं बोलत होता. आणि ती.

म्हणजे मी रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून चांगले फोटो पुसत होते आणि वाईट जपून ठेवत होते. जिथे माशी लख्ख होती तिथे मागची पानं धूसर, आणि मला दिसायची ती फक्त कडेची पानं. म्हणून तो फोटो बाद. जिथे पानं लख्ख, तो पसंत. महिनाभर मी हे इमानदारीत केलं.

आता गोदामांमागे सगळं करडं झालंय. काढायचं म्हटलं तरी काही नाही.

पुसलेलं कधी कधी परत मिळतं असं ऐकलं होतं. कार्ड दुरुस्तीवाल्याकडे नेलं. हे सोबत आले. मी डोळ्याचं सांगून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या हो, बाई," आणि कार्ड यंत्रात घातलं. एकाच कार्डावर रोज नवीन घालत गेल्यामुळे पुसलेलं बहुतेक दाबलं गेलंय, थोडे आलेत, म्हणाला.

"कसे आहेत?"

"ते आता तुम्ही बघा," तो म्हणाला आणि मग जीभ चावली.

घरी यांना बसवलं. म्हटलं, माशीच्या डोळ्यात बघा, केस वेगळे दिसतात का सांगा. यांनी प्रत्येक फोटो मनापासून पाहिला.

"छान आहे."

"आणि हा?"

"हाही छान आहे."

"डोळ्यावर फोकस आहे?"

"अगं, सगळेच छान आहेत. मला त्यातलं एवढं काय कळतं?"

बिचारे. त्यांना मला आज कशालाच नाही म्हणायचं नव्हतं. अशा माणसाच्या डोळ्यांचा काय उपयोग?

खरं बोलणारं माणूस मला एकच माहीत होतं.

१४ जून

जाड पेनाने लिहिते आहे, पानात चार-पाच ओळी मावतात. ओळी चढताहेत की उतरताहेत ते कळत नाही.

यांनी वसाहतीच्या फाटकाशी सोडलं. आत येऊ का विचारलं, मी नको म्हटलं. धाकटीने दार उघडलं. कुकरची शिट्टी झाली, ती आत जाऊन गॅस बंद करून परत आली, आणि मग म्हणाली, "या." भिंगरी बाहेर खेळायला गेली होती. बरं झालं.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. डोळा, गज, लेन्स, सगळं. मी तुला खोटी म्हटलं, तू खरी होतीस, असंही म्हटलं. बोलायला किती वेळ लागला कोण जाणे, पण तिने मधे एकदाही तोडलं नाही. नंतर खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"आमच्या यांना कळवायचं नाही होय कुणी?" ती म्हणाली. "डोळ्याचं?"

"मलाच तीन दिवसांपूर्वी कळलं."

कॅमेरा तिच्या हातात दिला. म्हटलं, उद्या मुदत आहे. यातले चांगले असतील ते पाठवायचे आहेत, नसतील तर पुस्तक दुसऱ्याकडे जाईल. तूच बघ. डोळ्यावरचे केस दिसले तर हो म्हण.

ती खिडकीपाशी गेली. बटणाचा बारीक आवाज येत होता. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी.

"नाही," ती म्हणाली.

मग, "नाही."

मग नुसता बटणाचा आवाज.

"हा हललाय," ती म्हणाली. "पंख, डोळा, सगळंच. पुढचा… नाही. हाही नाही, ताई."

"तू त्या दिवशी पाहिलेला?"

"तो यात नाही. तो आला असता तर मला ओळखू आला असता."

शेवटपर्यंत नाही. एकही नाही. आलेले सगळे मी हाताने फोकस करत होते त्या दिवसांतले असावेत, डोळा गेल्यानंतरचे आणि कॅमेऱ्यावर सोपवण्याआधीचे. चांगले होते ते गेले.

"एखादा चालण्यासारखा?" मी विचारलं. "थोडा कमी-जास्त?"

"चांगला असता तर चांगला म्हणाले असते," धाकटी म्हणाली. "तेव्हाही म्हणाले होते."

फोन मागितला, संपादकांचा नंबर तिलाच लावायला सांगितला. पुस्तक दुसऱ्यांना द्या म्हटलं. ते हळहळले, कारण विचारलं, मी तब्येत म्हणाले. फोन ठेवला तेव्हा कुकरची वाफ पूर्ण उतरली होती. मी रडत नव्हते. रडण्यासाठी काहीतरी अजून हातात असावं लागतं.

ती माझ्यासमोर खाली बसली असावी, कारण आवाज खालून आला.

"मी दिसते का तुम्हाला?"

"कडेकडेने. केस दिसतात. कानातले दिसतात."

"आणि चेहरा? रागावलेय की नाही, ते?"

"ते नाही दिसत."

"मग ठीक आहे," ती म्हणाली.

बोलताना ती हसत होती की नाही, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.